घरटी एक पसा

“काय वाट्टेल ते होऊ दे, हातावरचा पदर सोडायचा न्हाई,” जीपमधून उतरता उतरता सर्जेराव मामा मला म्हणाले. “शिंक आली तरी डाव्या हातानं तोंड झाकायचं. कळलं का?”

मी मान हलवली. आईच्या जांभळ्या इरकलीचा पदर मी खांद्यावरून पुढे घेऊन उजव्या हाताला असा गुंडाळला होता की, बघणाऱ्याला वाटावं पोरगी भारीच लाजरी आहे. त्या पदराखाली एक अंगठा होता आणि त्याच्या शेजारचं एक बोट. उरलेली तीन मी चौथीत असताना कडबा कापायच्या कुट्टीत गेली. मी पेंढी आत सारत होते आणि आबांनी तिकडून बटण दाबलं, एवढंच. त्या दिवसानंतर आबांनी ती कुट्टी विकून टाकली आणि पुढे कायम विळ्यानं कडबा तोडला. शेजारचे हसायचे, म्हणायचे, जग पुढे चाललंय आणि हा गडी मागे. आबा विळा चालवत राहायचे.

हातामुळे माझं काही अडत नव्हतं. भाकरी येत होती, धार काढता येत होती, अक्षर तर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. पण लग्न ठरवायला आलेली माणसं अक्षर बघत नाहीत. बघायचा कार्यक्रम म्हटला की पोह्यांचं ताट आलं, आणि ताट दोन हातांनी धरावं लागतं. मी ताट घेऊन बाहेर आले की पाहुण्यांची नजर आधी माझ्या तोंडावर, मग ताटावर, मग ताटाखाली जायची आणि तिथेच थांबायची. मग ते पोह्यांची तारीफ करायचे, चहा प्यायचे आणि “कळवतो” म्हणून जायचे. आमच्या घरचे पोहे पंचक्रोशीत नावाजले, निरोप मात्र एकाचाही आला नाही.

एकानेही कधी विचारलं नाही, की पोरी, हे कसं झालं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सगळे बघायचे आणि बघितलंच नाही असं दाखवायचे.

म्हणून या खेपेला मामांनी नामी युक्ती काढली होती. वाघदऱ्याच्या माळावर कुणा निवृत्त इंजिनियरने जुन्या शेतीवाडीचं संग्रहालय उभं केलं होतं. माणसांएवढे पुतळे, खरी अवजारं, कुडाची घरं, विहीर, खळं, असं सगळं. मामांचं म्हणणं, बघायचा कार्यक्रम तिथेच ठेवायचा. तिथे ना ताट, ना पोहे. तिथे जो तो पुतळे बघतो, जिवंत माणसाकडे कोण बघतंय. एकदा सुपारी फुटली की मग बोटांचं हळूहळू सांगता येईल. आबांना त्यांनी मुद्दाम घरी ठेवलं. “दाजींच्या पोटात आहे ते तोंडावर दिसतं,” मामा म्हणाले. त्यांच्या सोबतीला आईही राहिली.

गेटजवळ मुलाकडची माणसं थांबली होती. माणसं कसली, दोघंच. उद्धव आणि त्याची आई हौसाबाई. वडील नव्हते. उद्धव दूध संघाच्या शीतकरण केंद्रात मशीनवर होता, कायम नोकरी, असं स्थळ सांगणाऱ्याने सांगितलं होतं. तो उंच, काळासावळा आणि आपले हात कुठे ठेवावेत हे न कळणारा होता, त्यामुळे मला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. हौसाबाई ठेंगण्या, नऊवारीतल्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, पण कालवड विकत घेताना बघतात तसं नाही, कुणी ओळखीचं आहे का हे बघावं तसं.

“उन्हाचं आलासा,” त्या म्हणाल्या. “चला, आधी सावलीला जाऊ.”

सुरुवातीला मामांची युक्ती खरंच चालली. हौसाबाई पुतळ्यांत रमून गेल्या. तिफणीमागे चाललेल्या बाईचा पुतळा बघून म्हणाल्या, हिची साडी अजून परीटघडीची आहे, पेरणीला अशी गेली तर हिची सासू हिला घरात घेणार नाही. लोहाराच्या भात्यापाशी त्यांनी पुतळ्याच्या पोटाला बोट लावून बघितलं आणि लोहार एवढा सुटलेला कधी बघितला नाही म्हणाल्या. मी हसले. मामाही हसले, जरा जास्तच हसले.

मग जातं आलं. बाकी सगळ्या ठिकाणी हात लावू नये अशी पाटी होती, इथे मात्र ‘दळून बघा’ असं लिहिलं होतं. शेजारी टोपल्यात थोडी ज्वारीही होती. हौसाबाई लुगडं सावरून बसल्यासुद्धा.

“ये गं पोरी. समोर बस. किती वर्सं झाली जात्याला हात लावून.”

मी समोर बसले. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की दोघींचे हात एकाच खुंट्यावर येतात. मी डावा पुढे केला. जातं फिरू लागलं, पांढरंशुभ्र पीठ कडेने पडू लागलं. दोन फेऱ्या झाल्या आणि त्या थांबल्या.

“दुसरा हात लाव की.”

“डावरी आहे ती,” मामा मागून पटकन म्हणाले.

“डावरी असली म्हणून उजव्या हाताला काय सुट्टी असती व्हय?”

“लाजतीया जरा. नवी माणसं बघून.”

“जात्याला काय लाजायचं?” हौसाबाई म्हणाल्या, पण पुढे ताणलं नाही. त्यांनीच जोर लावून मूठभर दळून संपवलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी आजवर काही झाकलं नव्हतं. ताट धरून उभी राहायचे तेव्हा वाईट वाटायचं, पण लाज नाही वाटायची. आज पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती हाताची नव्हती.

मामांनी झटकन विषय बदलला. चला, तिकडे मोट आहे, पोरांना जरा बोलू द्या, आपण तोवर चहाचं बघू, असं म्हणून ते हौसाबाईंना घेऊन पुढे गेले. जाताना माझ्या पदराकडे एक नजर टाकली.

मोट मोठी झोकात मांडली होती. दोन बैल, नाड्याच्या जाड दोरावर बसलेला मोटकरी, आणि विहिरीच्या तोंडावर लटकलेली चामड्याची मोट. उद्धव पुतळ्याकडे न बघता वरच्या चाकाकडे बघत उभा राहिला. चाकाचा आस झिजलाय, तेल हवं, असं काहीतरी पुटपुटला. मग एकदम माझ्याकडे वळला.

“तुम्हाला एक सांगायचंय. आईनं नको म्हटलंय.”

“मग सांगू नका.”

“नाही, सांगतो. मला ते पेलवत नाही.” त्याने रुमालाने मान पुसली. “माझी नोकरी कायम नाही. दर सहा महिन्यांनी कागद बदलतो. कधी बंद करतील सांगता येत नाही. तुम्हाला कायम म्हणून सांगितलंय.”

मामांनी एवढा बेत रचला, आणि समोरच्यांनीही आपल्या परीने पदर गुंडाळूनच आणला होता. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे दोन्हीही नीट बाहेर पडलं नाही.

“तुम्हाला राग आला?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “मलाही तुम्हाला एक...”

“चला, चला, चहा निवला!” मामा विहिरीच्या कठड्यामागून उगवले. माणूस माझ्या भल्यासाठीच धडपडत होता, पण त्या घटकेला मला त्यांना विहिरीत ढकलावंसं वाटलं. विहीर कोरडी होती, हे त्यांचं नशीब.

चहा पिताना मी कप डाव्या हातात धरला. उद्धव माझ्याकडे अधूनमधून बघत होता, मी अर्धवट सोडलेल्या वाक्याची वाट बघत. आज हे लग्न ठरलं तर त्या भल्या माणसाला हळदीच्या दिवशी कळेल. नाही ठरलं तर आबा पुन्हा विळा घेऊन गोठ्यात जातील आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर येणार नाहीत. दोन्हींतलं काय बरं, हे मला ठरवता येत नव्हतं.

संग्रहालयातून बाहेर पडायची वाट खळ्यातून जात होती. शेणाने सारवलेलं गोल खळं, मधोमध उभा केलेला खांब, त्याला बांधलेले लाकडी बैल. कडेला ज्वारीची रास होती, आणि ती मात्र खरीखुरी. राशीपाशी एक म्हातारा बसला होता. इतके पुतळे बघून झाले होते की, तो हलला तेव्हा मी दचकले. तो तिथला राखणदार. लोक त्याला गणूतात्या म्हणत.

“चपला काढा,” तो म्हणाला. “खळं हाय.”

आम्ही काढल्या. हौसाबाईंनी आधीच काढल्या होत्या. त्यांनी वाकून राशीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

गणूतात्याने राशीतून मापटं भरलं. “खळ्यावर आलेलं माणूस रिकाम्या हातानं जात न्हाई,” तो म्हणाला. “मालकांनी हितं ती रीत ठेवलीया. घरटी एक पसा. कोण येतंय पुढं?”

मी मामांकडे बघितलं. मामांचा चेहरा पडला होता. त्यांनी ताट टाळलं, पोहे टाळले, आबांना टाळलं. पण त्यांचं स्वतःचं अख्खं बालपण खळ्यावर गेलेलं असूनही, खळ्यावर पसा, म्हणजे ओंजळभर धान्य, घ्यायला दोन हात लागतात हे नेमकं विसरले होते.

“द्या, मी घेतो,” त्यांनी खिशातून रुमाल काढला.

“रास म्हंजे लक्षुमी,” तात्या म्हणाला. “लेकीबाळींनी घ्यावं. ये बाळ.”

हौसाबाईंनीही मला पाठीला हात लावून पुढे केलं. “जा. खळ्यावरलं न्हाई म्हणू न्हाई.”

मी राशीपुढे उभी राहिले. मामांनी मागून हलकेच खोकून पदराची खूण केली. खूण बरोबर होती. बायका पसा पदरातही घेतात. मी पदर सोडून पसरला असता, त्याची टोकं अंगठ्यात आणि बोटात धरली असती, तर बाकीचा हात खालीच राहिला असता आणि कुणाला दिसलाही नसता. सुटायची वाट होती. मामा उगाच हुशार म्हणून नावाजलेले नव्हते.

पण माझ्या शेजारी उद्धव उभा होता. आईने नको म्हटलेलं ज्याने मला मोटेपाशी सांगून टाकलं होतं, तो.

मी हातावरचा पदर उलगडला. खांद्यावरून मागे टाकला. आणि दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली.

तात्याने माझ्या हाताकडे बघितलं, पण त्याचं मापटं थांबलं नाही. “लाभ,” तो म्हणाला, पहिल्या मापाला खळ्यावर एक म्हणत नाहीत, आणि त्याने ज्वारी ओतली. ओंजळीत मधोमध जिथे बोटाला बोट भिडायला हवं, तिथे माझ्याकडे काहीच नव्हतं. दाणे त्या फटीतून सरळ खाली घसरले. सारवलेल्या जमिनीवर त्यांचा बारीक आवाज झाला. मी हात दाबून बघितले, अंगठा आत वळवून बघितला. दाणे थांबेनात. माझ्या मागे सगळे गप्प होते. ती शांतता मला चांगली ओळखीची होती, तिच्यानंतर पोह्यांची तारीफ येते.

तेवढ्यात माझ्या ओंजळीखाली एक हिरवा पदर आला.

हौसाबाई माझ्यासमोर वाकून उभ्या होत्या. दोन्ही हातांनी पदर पसरून, माझ्या हाताखाली झोळीसारखा धरून. दाणे पडायचा आवाज थांबला. आता ते माझ्या हातातून त्यांच्या पदरात पडत होते.

तात्याने मापटं वर धरलं. “घरटी एक पसा हाय,” तो म्हणाला. “तुमी दोघी एका घरच्या, का वेगळ्या? वेगळ्या असशीला तर तुमाला दुसरा देतो.”

“एका घरच्या,” हौसाबाई म्हणाल्या. “घाला तुमी. हात आखडू नका.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दाण्यांकडे बघत होत्या.

पसा घालून झाला. त्यांनी पदराची गाठ मारली, मग खाली बसून जमिनीवर सांडलेले दाणेही एकेक करून वेचले, आणि तशाच बसल्या बसल्या माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

“कुट्टी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कवा?”

“चौथीत होते.”

“लई दुखलं असंल.”

एवढं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा नाही, कारण तेव्हा सगळ्यांना आबांनाच धरावं लागत होतं. मी “हो” म्हणाले आणि तिथेच, लाकडी बैलांच्या पायाशी, लहान पोरीसारखी रडले. हौसाबाईंनी मला रडू दिलं. उद्धव खांबाला टेकून उभा होता. थोड्या वेळाने तो एवढंच म्हणाला, की मघाशी मोटेपाशी हेच सांगायचं होतं का. मी मान हलवली. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणाला, मला वाटलं तुमचं दुसरीकडे कुठे मन आहे.

मामा खाकरले. काहीतरी समजावून सांगायला पुढे झाले.

“पाव्हणं,” हौसाबाई म्हणाल्या, “पोरगी डावरी हाय म्हनला हुता न्हवं?”

“होय,” मामा खाली बघत म्हणाले. “चौथीपासनं.”

आधी गणूतात्या हसला. मग हौसाबाई. मग आम्ही सगळेच हसलो, आणि ते हसू खळ्याच्या बाहेर चपला घालतानाही थांबलं नव्हतं. चपला घालता घालताच हौसाबाईंनी मामांना सांगून टाकलं की, आमच्या पोराची नोकरीही कायम नाही, तेव्हा फिटंफाट झाली, आता सुपारी कधी फोडायची ते बोला.

घरी आलो तेव्हा आबा दारातच होते. मामांनी काही सांगण्याआधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. पदर गुंडाळलेला नव्हता. ते तसेच आत गेले आणि देवापुढे बसले. बऱ्याच वेळाने मी आत डोकावले, तर ते डोळे मिटून नुसते बसले होते आणि गाल ओले होते. पुढच्या साली गोठ्यात नवी कुट्टी आली. तिच्या बटणाला आबांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही, पण आणली त्यांनीच.

आमच्याकडे लग्नात अक्षता ज्वारीच्या असतात. आमच्या लग्नात हौसाबाईंनी त्या खळ्यावरच्या पशाला स्वतः कुंकू लावलं आणि वाटायच्या अक्षतांत मिसळलं. ती ज्वारी आमच्या डोक्यावर पडली.

आता माझी थोरली कॉलेजात आहे. उद्धवची नोकरी पुढे एकदा खरंच गेली, आणि त्याने गावात मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललंय. आक्का, म्हणजे हौसाबाई, गेल्या मार्गशीर्षात गेल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहिले. भांडलेही भरपूर, सासू-सुना भांडायच्याच. पण कितीही तोंडातोंडी झाली तरी रात्री जेवायला बसताना मला तो हिरवा पदर आठवायचा आणि राग आपोआप खाली बसायचा. त्या पदराचे उपकार माझ्या चामड्याचे जोडे करून घातले तरी फिटणार नाहीत. मी ते फेडायच्या नादालाही लागले नाही. काही ऋणांत राहिलेलंच बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला कायम विचारायची होती. मला वाटायचं, त्यांना जात्यावरच कळलं असणार. माझी परीक्षा बघायला त्यांनी मला खळ्यावर पुढे केलं असणार. एवढी शहाणी बाई, त्यांनी मनाशी काहीतरी ठरवल्याशिवाय त्या तशा बोलल्या नसणार. आजवर आलेली सगळी माणसं जिथे मागे सरली, तिथे ही बाई पुढे झाली, ती काय विचार करून, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. शेवटच्या दिवाळीआधी आम्ही दोघी ओसरीवर ज्वारी पाखडत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं.

आक्कांनी सूप थांबवलं. खूप आठवायचा प्रयत्न केला.

“मला कशाचं कळतंय?” त्या म्हणाल्या. “जात्यावर मला वाटलं, पोरगी आळशी हाय.”

“मग खळ्यावर काय विचार केलात?”

“इचार कसला?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढं शिकून मला एवढंही कळत नाही. “दाणं सांडत हुतं. दाणं सांडाय लागल्यावर कुणी बघत हुबं ऱ्हातं का? म्या पदर धरला.”

“आणि एका घरच्या म्हणालात ते?”

“आता पदर धरल्यावर,” आक्का म्हणाल्या, “येगळ्या घरची कसं म्हणू?”

आणि त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं.